आटवलेलं पाणी

परतूर तालुक्यात पाणी तपासायला छत्तीस गावं होती, आणि दैवशालानं त्यातलं धामणवाडी मुद्दाम मागून घेतलं. साहेब म्हणाले, "अहो, आडवळणाचं गाव आहे, एसटीसुद्धा धड जात नाही." ती म्हणाली, "वाट माझ्या ओळखीची आहे." ओळखीची कशी नसेल? चार वर्षांपूर्वी त्याच वाटेनं तिला एका पिशवीनिशी माहेरी हाकलून दिलं होतं.

आता हातात पिशवीऐवजी निळी पेटी होती. पेटीत काचेच्या नळ्या, पुड्या आणि रंगांची घरं असलेलं कार्ड. पिण्यालायक नसलेल्या पाण्यावर फुली मारायला लाल रंगाचा डबा आणि ब्रश खांद्यावरच्या थैलीत. सकाळपासून तिनं गावातलं सहा ठिकाणचं पाणी तपासलं होतं. शाळेजवळच्या आरओचं नितळ निघालं, नूरबीखालाच्या बोअरचं जेमतेम फिकं गुलाबी. पुष्पाबाईचं घर तिनं शेवटी ठेवलं, लहान मूल ताटातला गुळाचा खडा शेवटी ठेवतं तसं.

पुष्पाबाई म्हणजे तिची एके काळची सासू, आणि पुष्पाबाईचा अभिमान म्हणजे अंगणातला आड. सोयरीक जमवताना जमिनीच्या आधी आडाची गोष्ट निघायची. दैवशाला लग्न होऊन आली तेव्हा तिनंही ते पाणी गोड म्हणून वाखाणलं होतं.

मग आर्यन झाला. अंगावरचं दूध पुरेना म्हणून दोन महिन्यांच्या लेकराला वरून डब्यातली पावडर पाण्यात कालवून सुरू केली. आठ दिवसांत त्याचे ओठ जांभळे पडले, नखं निळी झाली. परतूरहून जालन्याला नेईपर्यंत खेळ आटोपला होता. मातीला जमलेल्या बायांसमोर पुष्पाबाई ओट्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "हिच्या दुधातच इख हाय. नातू खाल्ला हिनं माझा." नवरा, सोमेश्वर, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा होता. पंधरा दिवसांत दैवशालाची रवानगी झाली.

बाईला एकदा असं म्हटलं की ते तिच्या अंगात मुरतं. माहेरी भावाचं लेकरू कुणी तिच्याकडे दिलं की ती हात मागे घ्यायची. तीन वर्षं तिनं कुठल्या बाळाला मांडीवर घेतलं नाही. आपल्यात खरंच काही विषारी आहे, असं तिला वाटायचं.

गेल्या वर्षी पाणी तपासायचं काम मिळालं आणि जालन्याला प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या की आडाशेजारी उकिरडा असला की नायट्रेट पाण्यात झिरपतं. मोठ्यांना ते लगेच जाणवत नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू नेता येत नाही. ओठ, नखं निळी पडतात. सगळे चहाला उठले, दैवशाला बसून राहिली. ती रडली नाही. तिला राग आला, आणि तो राग तिला औषधासारखा लागू पडला. त्या दिवसापासून ती धामणवाडीची वाट बघत होती.

"पुष्पाबाई, पाणी तपासायला आल्ते," ती दारात उभी राहून म्हणाली.

मागे चार-पाच बाया होत्या, सकाळपासून पेटीमागे हिंडणाऱ्या. आत्याबाई न म्हणता सासूला नावानं हाक मारलेली ऐकून त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

"तुला दुसरं गाव घावलं न्हाई का?" पुष्पाबाई उसळली. "माझ्या आडाला काय धाड भरली? चाळीस वर्सं झाली, आटला न्हाई."

"मंग तपासू द्या की. भेता कशाला?"

बायांसमोर भिते कोण? पुष्पाबाईनं पदर खोचला. दैवशालानं पोहरा तिलाच सोडायला लावला, नळीही तिलाच भरायला लावली. उद्या हातचलाखी केली म्हणायला जागा नको. आडापासून दहा पावलांवर गोठा, गोठ्याला लागून उकिरडा. चार वर्षांत तो कमरेपासून छातीपर्यंत वाढला होता.

आर्सेनिकची पट्टी कोरी निघाली. नायट्रेटची पुडी टाकून दैवशालानं नळी हलवली आणि आडाच्या कठड्यावर ठेवली. पाच मिनिटं थांबायचं होतं; रंग जितका गडद, तितकं नायट्रेट जास्त.

तेवढ्यात घरातून तान्ह्या बाळाचं रडणं आलं.

हे तिच्या हिशेबात नव्हतं. सोमेश्वरनं दुसरं लग्न केल्याचं तिच्या कानावर होतं, बाळाचं नव्हतं. सून बाहेर आली. अर्पिता नाव. परवाच, सव्वा महिना झाल्यावर माहेरून आलेली. कुशीत पोरगी आणि हातात दुधाची बाटली. "अंगावर पुरत न्हाई, आजपासून वरचं सुरू केलं," ती कुणाला तरी सांगत होती.

क्षणभर दैवशालाच्या मनात आलं, पाजू दे. खोटं कशाला बोला, आलं. घरात पुन्हा तसाच पाळणा रिकामा होऊ दे, म्हणजे कळेल. मग पोरीनं बाटलीकडे तोंड वळवलं आणि दैवशालानं पुढं होऊन ती बाटली हिसकावली, भिंतीच्या कडेला रिती केली.

"लेकराच्या तोंडचं काढती, सटवे!" पुष्पाबाई ओरडली.

"नळी बघा."

नळीतलं पाणी बिटाच्या रसासारखं झालं होतं. कार्डावर धरलं तर शेवटून दुसऱ्या घराशी जुळलं. अर्पितानं पोरीला छातीशी आवळलं. पुष्पाबाई मात्र डगमगली नाही.

"रंगाचं भ्या कुणाला दाखवती? आम्ही काय कच्चं पाणी पाजतो व्हय? डागदरच म्हणला व्हता, उकळून द्या. मी तर पार आटवून देते."

"किती आटवता?"

"तांब्याचं अर्धा तांब्या. आर्यनला बी तसंच देत व्हते. चुलीपासून उठत न्हवते मी, इचार ह्या बायांला."

"आणा ते आटवलेलं."

पुष्पाबाईनं ठसक्यात पातेलं आणलं. दुसरी नळी भरली, दुसरी पुडी पडली. या वेळी पाच मिनिटं लागलीच नाहीत. रंग चढत गेला, कार्डावरचं शेवटचं घर ओलांडून काळपट झाला. दोन्ही नळ्या कठड्यावर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

"उकळून जंतू मरत्यात, हे न्हाई जात," दैवशाला अर्पिताला म्हणाली. "वाफ होऊन पाणी उडतं, हे खाली राह्यतं. अर्धं आटवलं की दुप्पट. साध्या फिल्टरनं बी जात न्हाई. आडाचं पाणी लेकराला चमचाभर सुदिक देऊ नको, शाळेजवळच्या आरओचं आण. सकाळी तपासलंय मी. आणि उकिरडा हलवा इथून."

मग ती पुष्पाबाईकडे वळली. "त्या दिवशी ओट्यावर काय म्हणाल्या व्हत्या? ह्या बाया आहेत. म्हणा परत."

"जाऊ दे बेटा," बायांतली नूरबी हळूच म्हणाली. "म्हातारी हाय."

"मी तेवीस वर्षांची व्हते, खाला. मला कुणी जाऊ दिलं?"

पुष्पाबाई कठड्यावर बसली. आधी दोन्ही नळ्यांकडे, मग आपल्या हातांकडे पाहत राहिली. सगळा ठसका उतरला होता. तिनं मान वर केली.

"शाले, म्हंजी... माझ्याच हातानं?"

प्रशिक्षणात बाईंनी बजावलं होतं, लोकांना दोष देऊ नका, त्यांना माहीत नसतं, तसं सांगा. ते वाक्य दैवशालाच्या जिभेवर तयार होतं. तेवढं म्हटलं असतं तर म्हातारी आज रात्री झोपली असती. पण दैवशाला चार वर्षं धड झोपली नव्हती.

"व्हय, आत्याबाई," ती म्हणाली. "तुमच्याच हातानं."

मग तिनं रंगाच्या डब्याचं झाकण काढलं, ब्रश बुडवला, आणि पुष्पाबाई बसली होती तिच्या शेजारीच, कठड्यावर, मोठी लाल फुली मारली.