गुठळीतले कण

तिने सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावरच्या पुडीच्या गुठळीतल्या सातव्या कणाभोवती रेघ ओढली आणि आकडा वहीत लिहिला. बासष्ट नॅनोमीटर. मग आठवा कण घेतला.

नियम तसा सरळ होता. मोजलेल्या कणांपैकी निम्मे किंवा जास्त शंभर नॅनोमीटरच्या आत भरले, की पूड नॅनो, म्हणजे श्वासातून फुप्फुसात खोल शिरण्याइतकी बारीक, ठरते. मग पोती भरणाऱ्यांना बंद यंत्र आणि चेहऱ्यावर घट्ट बसणारे मास्क द्यावे लागतात. नाही भरले, तर तोंडाला फडकं बांधा आणि लागा कामाला. गेल्या वर्षी याच पुडीचे शंभरात एकेचाळीस भरले होते. मोजणारी हीच.

सकाळी प्रयोगशाळेचे सर म्हणाले होते, पूड तीच आहे, जुना आकडा उतरव आणि मोकळी हो, या दिवसांत कशाला डोळे फोडतेस. बोलणं मायेचंच होतं. तिचा नवरा जाऊन तीन महिने झाले होते. तो याच कारखान्यात, पोती भरायच्या खात्यात होता. खोकला लागला, वाढला, आणि बघता बघता माणूस गेला. पुडीनेच झालं का, याला डॉक्टर ना हो म्हणाले ना नाही. तिला अजून रडू आलं नव्हतं. बाई धीराची आहे, असं लोक म्हणत. कसला धीर! आत सगळं बधिर होतं, एवढंच.

पण आकडा उतरवायला हात धजेना, म्हणून ती मोजायला बसली. जुने फोटो काढून शेजारी लावले, तेव्हा तिला दिसलं. गेल्या वर्षी घाईत तिने अख्ख्या गुठळीभोवती एकच रेघ ओढली होती. द्राक्षांचा घड उचलून एक द्राक्ष म्हणावं, तसं.

दुपारी हिशेब लागला. शंभरात त्र्याहत्तर.

सरांनी कागद दोनदा वाचला आणि दार लोटून घेतलं. पुडीचं दळण यंदा बदललं असं लिहू, म्हणाले; पुढच्यांना मास्क मिळतील, तुझ्यावरही काही येणार नाही.

"दळण तेच आहे, सर."

"मग गेल्या वर्षीचं काय लिहायचं?"

तिने पेन घेतलं. मोजणीत चूक, असं लिहिलं, आणि खाली सही केली.

घरी येऊन तिने दार लावलं. गेल्या वर्षी, अहवाल दिला त्याच आठवड्यात, याच दाराशी फडकं बांधता बांधता नवऱ्याने विचारलं होतं,

"फार बारीक नाही ना गं ती पूड?"

"नाही रे. मी स्वतः मोजलीय."

मग हे ओझं तरी कशाला, म्हणत त्याने फडकं सोडून खुंटीला अडकवलं होतं.

ते अजून तिथेच होतं. त्यानंतर एकदाही धुवावं लागलं नव्हतं.