चिनी खोक्यातल्या ताई

"तिथे जास्त तोंड उघडू नकोस गं, टेम्पररी आहेस," असं शेजारच्या शैलाकाकूंनी बजावलं होतं. सुजाताने ते हसण्यावारी नेलं. जुने कागद खोक्यांत लावायचे, त्यात तोंड कशावर उघडायचं?

दहा महिन्यांच्या लेकीला, दीपाला, काकूंकडे सोडून ती इंग्लंडातल्या श्रूजबरीहून जवळच्या एका कॉलेजात जायची. वर्षभरापूर्वी, त्र्याऐंशीत वारलेल्या एका इंग्रज लेखिकेची हस्तलिखितं नि पत्रं तिथे आली होती. सुजाताचा निम्मा जीव फोनपाशी असायचा. तरी पोरीच्या श्वासातली घरघर टिपणारे तिचे कान-डोळे कागदांवरही तितकेच जागे. 'चिनी स्नेही' लिहिलेल्या खोक्यात 'टी-ए-आय' अशा कुणाला धाडलेल्या पत्रांच्या कार्बन कॉप्या होत्या. तिने एक वाचली. 'ओल्या फडक्यावर थापते, बोटाने भोकं पाडते, तरी तव्यावर टाकताना मोडतंच.'

सुजाता एकटीच हसली. थालीपीठ! म्हणजे हे कुणी चिनी गृहस्थ नव्हेत, ताई. बाकीच्या कॉप्यांवरून उलगडलं: लेखिका तरुणपणी मिरजेला नर्स होती, तेव्हाच्या किल्ला भागातल्या या शेजारीण.

शेवटची कॉपी वाचली आणि तिचं हसू गेलं. 'मुलगा गेला, तुम्ही एकट्या, त्यात ते गुडघे. दर महिन्याला लिहीन. पत्र चुकलं तर पोस्टाला शिव्या घाला, मला नको.' पुढच्याच महिन्यात लेखिका वारली होती.

सुजाता तडक मुख्य बाईंकडे, मिस हॉलंडकडे गेली. त्यांनी सांगितलं, टाय हे चिनी आडनाव आहे, यादी छापायला गेली, आणि टेम्पररी माणसाने नावं बदलायची नसतात. काकूंचे शब्द आठवले, पण ती हलली नाही.

"हे आडनाव नाही, नातं आहे. थोरली बहीण. लेखिका गेल्याचं तिला कुणी कळवलंय का?"

कुणीच नव्हतं. पुरतं नाव-पत्ता नसेल तर कळवणार कुठे, असं मिस हॉलंड जरा नरमून म्हणाल्या. पत्रं मात्र त्यांनी 'चिनी' खोक्यातून हलवू दिली.

"मग मी शोधते," सुजाता म्हणाली.

दीपाला घ्यायला गेली तेव्हा काकूंनी तोंड बघूनच ओळखलं. "उघडलंस ना तोंड?"

"उघडलं. आता तुम्ही उघडा. मिरजेचं कोण ओळखीचं आहे?"

कुणीच निघेना. शेवटी काकूंनीच इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापायचं सुचवलं. पोरीला मांडीवर घेऊन सुजाताने मजकूर लिहिला:

'वाचकहो, सुट्टीत मिरजेकडे जाणार असाल तर किल्ला भागात चौकशी करा. गुडघे दुखणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या एक ताई पोस्टमनवर चिडून बसल्या असतील. बऱ्या आहेत ना, एवढं बघा. आणि त्यांना पत्रं लिहिणारी इंग्रज मैत्रीण गेल्याची बातमी उभ्याउभ्या सांगू नका. आधी त्यांच्याजवळ बसा.'