कोऱ्या चकतीचे लाड

बाळांनो, डोळे मिटा आणि मनात एक तराजू आणा. भाजीवाल्याचा नव्हे हं. काचेच्या पेटीत बसवलेला, इतका नाजूक की जवळ कुणी शिंकलं तरी त्याचे आकडे नाचायला लागतात. पापणीचा एक केस ठेवलात तर त्याचंही वजन सांगेल. आला मनात? मग आता त्याच्यासमोर कपाळाला हात लावून बसलेली बाई बघा. ती ठिपकीची आत्या.

आत्या विषांचा अभ्यास करायची. श्वासाबरोबर आत गेलेला धूर माणसाच्या फुफ्फुसांचं काय करतो, ते शोधायची. ठिपकीचे बाबा आपल्या या बहिणीला 'विषकन्या' म्हणायचे. "तुझ्या हातचा चहा प्यायला छाती लागते बाई," असं म्हणत दोन कप संपवायचे.

सध्या आत्याचं काम ठिपकीच्याच शाळेपाशी चालू होतं. फाटकासमोर बस इंजिन चालू ठेवून उभ्या राहायच्या. एक छोटा पंप तिथली हवा ओढून घ्यायचा आणि हवेतली काजळी एका पांढऱ्या कागदी चकतीवर जमायची. चकतीचं आधी वजन करायचं, नंतर पुन्हा करायचं. जेवढं वाढलं तेवढी काजळी. तीन आठवड्यांच्या चकत्या जमल्या होत्या आणि उद्या सकाळी आत्या मुख्याध्यापिका बाईंना आकडे सांगणार होती. ते पक्के ठरले, तर फाटकापाशी इंजिनं बंद ठेवायला लावीन, असा बाईंनी शब्द दिला होता.

दर आठवड्याला एक चकती मात्र डबीतच राहायची. बाकीच्यांबरोबर फाटकापर्यंत जायची, परत यायची, पण तिचं झाकण कुणी उघडायचं नाही. तिला म्हणायचे कोरी. कोरीचं वजन वाढता कामा नये. वाढलंच, तर काजळीशिवाय आणखी काहीतरी चकत्यांना चिकटतंय असं समजायचं.

आणि तिसऱ्या आठवड्याची कोरी जड झाली होती!

"पाचव्यांदा तोलली," आत्या म्हणाली. "माझ्याच हातून घोळ झालाय. आता झाला तो आधी झाला नसेल कशावरून? तिन्ही आठवडे पाण्यात. उद्या बाईंना काय तोंड दाखवू?"

स्टुलावर बसलेली ठिपकी हे सगळं ऐकत होती. शाळा सुटल्यावर डब्या गोळा करायला तीच तर आत्याच्या मदतीला असायची. गप्प बसलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण आत्या स्वतःलाच बोल लावत होती, ते काही तिला बघवेना.

"आत्या, रागावणार नाहीस ना?"

"ते ऐकल्यावर ठरवीन."

"मी उघडली होती कोरीची डबी."

आत्या गर्रकन वळली. "का गं?"

"बाकीच्या सगळ्या बाहेर आणि ती बिचारी एकटीच डबीत. मला दया आली तिची. म्हणून झाकण काढलं आणि बोटाने जरासं... गोंजारलं."

"गोंजारलंस?"

"शुक्रवारी. एकदाच. मग लगेच झाकण लावलं." ठिपकीचा आवाज रडवेला झाला.

"आणि बाकीच्यांना हात लावलास?"

"त्यांना कशाला? त्यांना तर मस्त हवा खायला मिळते!"

"काय पण हवा!" आत्याला हसू आवरेना. मग तिने हातमोजे चढवले, चिमट्याने एक नवी चकती उचलून तोलली आणि ठिपकीपुढे धरली. "हं, अगदी तस्संच गोंजार बघू."

ठिपकीने बोट फिरवलं. चकती पुन्हा तराजूत गेली. आकडा वाढला होता, जवळजवळ कोरीइतकाच.

"आपल्या बोटांना घाम असतो, तेल असतं," आत्या म्हणाली. "आपल्याला दिसत नाही, पण हा चोंबडा तराजू चुगली करतो. हे वजन धुळीचं नव्हेच गं, तुझ्या लाडाचं आहे."

"मग सगळं वाया?"

"नाही. पहिल्या दोन्ही कोऱ्या जशाच्या तशा आहेत, म्हणजे ते आठवडे पक्के. तिसऱ्याला मात्र आता साक्षीदार उरला नाही. तो पुन्हा करावा लागेल." आत्याने तिला जवळ ओढलं. "तू बोलली नसतीस ना वेडाबाई, तर मी सगळंच टाकून दिलं असतं."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत दोघी शेजारी शेजारी बसल्या. आत्याने कागद पुढे सरकवला.

"दोन आठवड्यांचे आकडे पक्के आहेत. तिसऱ्यात आमच्याकडून एक चूक झाली. आणखी एक आठवडा द्याल का?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तुमच्याकडून चूक? कसली?"

"म्हणजे... चकत्या हाताळताना जरा..." आत्या अडखळली.

ठिपकी खुर्चीवरून उतरली, टेबलाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमच्याकडून नाही, माझ्याकडून." मग झाकण उघडल्यापासूनची सगळी हकिगत तिने काही न गाळता सांगितली.