जुब्ब्याचं आटलेलं तळं

"सुरैया, ऐकतेस ना गो? इथं थंडी इतकी पडते की बादलीतल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरतो. आणि वाळू म्हणशील तर लाल, तुझ्या निकाहातल्या ओढणीसारखी. तू असतीस तर अनवाणी चालवली असती तुला."

हा आवाज कॅसेटमधला, फार वर्षांपूर्वीचा. लग्नाची मेंदी उतरते न उतरते तोच मुस्तफा सौदीला गेला, आणि गावी येणाऱ्या माणसांच्या हाती तिथल्या हाइल शहरातून कॅसेटी धाडू लागला. बाणकोटच्या घरात सुरैया दार लोटून घ्यायची आणि टेपला कान लावून बसायची. मग घरात फोन आला नि कॅसेटी थांबल्या. फोनवर काय, "बरं हाय?" "बरं हाय." "नूरैनचा ताप उतरला?" "उतरला." "ठेवतो." रजेवर यायचा तोही असाच मुका. ओटीवर बसून खाडीकडं बघायचा, जेवायला हाक मारली की उठायचा.

आता लेक नूरैनही सासरी गेली होती. मुस्तफा हाइलच्या एका सहलींच्या कंपनीत ड्रायव्हर होता तो गाइड झाला होता, दर शुक्रवारी लोकांना वाळवंटातल्या जुब्बा गावच्या डोंगरावर, जुनी कोरीव चित्रं दाखवायला नेत होता. पण गाइड आता सौदीचाच माणूस हवा, असा नियम आला. कंपनीनं इमाद नावाचा हाइलचा तरुण घेतला. मुस्तफाचा भाचा शाहिद जेद्दात, बलद नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका हॉटेलात होता. तो म्हणाला, "मामू, इकडं या, भटारखान्यात लावतो." मुस्तफानं बायकोला व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं नि विचारलं, "कायमचा घरी येऊ, की जेद्दाला जाऊ? शाहिदला शुक्रवारी रात्री सांगायचं हाय."

"तुम्ही ठरवा," सुरैया म्हणाली होती. तीन दिवस ती हेच म्हणत होती. खरं उत्तर तिच्या घशाशी होतं.

आणि आज त्याचा शेवटचा शुक्रवार. रियाधहून आलेली मराठी मंडळी डोंगराच्या पायथ्याशी गोळा झाली. मुस्तफानं टोपी सारखी केली, घसा खाकरला.

"यल्ला, चला मंडळी! समोर काय दिसतंय?"

"वाळू," चंद्रशेखर म्हणाले. ते रियाधच्या बँकेत होते.

"साहेब, बँकेत बसून नजर कमजोर झाली तुमची. ते तळं हाय. हजारो वर्षांमागं भरलेलं, काठावर गुरं चरताहेत. आपण उभे आहोत तिथं एक बाई घोटाभर पाण्यात उभी राहून नवऱ्याला शिव्या घालतेय. शिकारीला गेलाय, अजून आला नाही."

सगळे हसले. सुरैया हसली नाही. हाच तो आवाज. कॅसेटमधला.

वर चढताना तो बोलत राहिला. खडकावर कोरलेली लांब शिंगांची गुरं दाखवली, उंट दाखवले. एका कातळावरच्या ओरखड्यांपाशी थांबून म्हणाला, "हे वाचणारे लोक सांगतात, इथं कुणीतरी आपलं नाव कोरलंय, आणि खाली लिहिलंय, मला अमकीची आठवण येते. बस्स, एवढंच. मेंढ्या राखता राखता." त्यानं तळवा कातळाजवळ नेला, टेकवला नाही. काम शिकायला सोबत आलेला इमादही, भाषा कळत नसून, कान देऊन ऐकत होता.

चंद्रशेखरांच्या बायकोनं, वीणानं, सुरैयाच्या कोपराला धरलं. "भाभी, नशीब काढलंत हो! आमचे हे घरी टीव्हीशी बोलतात. तुमच्याकडं रोज मैफल!"

"हो ना," सुरैया म्हणाली.

भात कांडताना ती पूर्वी गायची ते तिच्या ओठांत आलं,

दर्यापार गेलं तारू, गो बाई, गेलं तारू
काठावरून हाक मारू, किती गो बाई, हाक मारू

आलं तसं तिनं गिळलं. मंडळी पुढं गेली. ती मागं राहिली, एका कपारीच्या सावलीत बसली. चढणीत कुणी मागं पडलं की मुस्तफा स्वतः उतरून यायचा. तसाच आला, हातात पाण्याची बाटली.

"पाय दुखतात?" तो म्हणाला. माणसं दूर होताच आवाज बदलला होता. पुन्हा ओटीवरचा.

"नाय."

"बरं हाय ना?"

तिनं बाटली घेतली, झाकण उघडलं, प्यायली नाही.

"शाहिदला काय सांगू?" तो म्हणाला. "तू काय बोलतच नाहीस."

"खाली ती बाई शिव्या घालत होती ना," सुरैया म्हणाली, "घोटाभर पाण्यात उभी राहून? मीही पुष्कळ घातल्या. मग थकले. नोकरी सुटतेय, आता कायमचा येईन बहुतेक, असा तुमचा फोन आला, तेव्हा मी नमाजाच्या चटईवर बसून रडले. शेजारची सफूरा म्हणाली, खुशीचं रडतेय. मी म्हटलं, हो."

मुस्तफा खाली बसला.

"जेद्दाला जा तुम्ही," ती म्हणाली. "आज जो बोलत होता, त्याच्यासाठी मी जन्मभर दार उघडं ठेवलं असतं. पण तो माझ्या घरी कधी आलाच नाही. येतो तो दुसरा, गप्प बसणारा. त्याची वाट बघायची मी केव्हाच सोडली हो. आता तो आला तर मला भीती वाटेल."