पुढचा डावा आर्म

बग्गीच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्याला चकती लावायची आणि ती निघून येऊ नये म्हणून खाली एक क्लिप दाबायची, एवढंच काम होतं. क्लिप तांदळाच्या दाण्याहून लहान. क्लाइव्ह पेंगेलीने आजवर अशा हजारभर तरी बसवल्या असतील, त्यातल्या कितीतरी क्रिकेटची कॉमेंट्री ऐकता ऐकता. त्या शुक्रवारी मात्र सकाळपासून तीन क्लिपा चिमट्यातून उडून शेडच्या कोपऱ्यांत गेल्या होत्या आणि चौथी आत्ता गेली. लोहचुंबक घेऊन तो फरशीवर ओणवा झाला.

"झालं का रे?" दारातून मॅरियनने विचारलं.

"होतंय."

"परवापासून होतंयच. या आठवड्यात तिसऱ्यांदा सुटी केलीस ती बग्गी."

"गिअरबॉक्समधून आवाज येतो."

"मला नाही कधी आला."

"तुला कसा येणार?" तो खेकसला. मॅरियन घरात गेली.

आवाज येतच नव्हता. बग्गी अगदी ठणठणीत होती. रिमोटवर पळणारी छोटी गाडी, वीतभराहून थोडी लांब, मागे मोटर, पोटात चपटी बॅटरी, चार शॉक, आणि एकूण एक बेअरिंग धुऊन, वाळवून, थेंबभर तेल देऊन बसवलेलं. पण ती जोडून टेबलावर ठेवली की क्लाइव्हला चैन पडेना. आपल्याला पुन्हा जोडता येईल की नाही, या विचाराने तो ती परत सुटी करायचा. काल जमलं, आज जमतंय का, एवढंच त्याला बघायचं असायचं.

दक्षिण ऑस्ट्रेलियात, कडीनाच्या आसपासच्या शेतांवरची कापणीयंत्रं दुरुस्त करण्यात त्याची पस्तीस वर्षं गेली होती. हात थरथरायला लागले ते गेल्या हिवाळ्यात, म्हणजे तिकडे जुलैत, चहाच्या कपापासून. त्याने कोणाला सांगितलं नाही. टायर आणायला जातो म्हणून तो डॉक्टरकडे जाऊन आला, आणि तिथून ॲडलेडच्या मोठ्या डॉक्टरची वेळ मिळाली, ती येत्या बुधवारची. तेही त्याने मनातच ठेवलं. शेजारच्या मूंटा गावात त्याच्या वडिलांचे हात असेच थरथरायचे. दारूच्या थेंबालाही न शिवलेला, दर रविवारी चर्चमध्ये खड्या आवाजात गाणारा तो माणूस, पण गावाने त्याला बेवडा ठरवून टाकलं होतं. शाळेत त्यावरून क्लाइव्हने दोन पोरांची नाकं फोडली होती आणि स्वतःचंही एकदा फोडून घेतलं होतं.

त्यामुळे त्याने गुपचूप उपाय केले. स्क्रू फिरवायच्या ॲलन कीच्या मुठींना सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळून त्या जाड करून घेतल्या. स्क्रू ठेवायला लोहचुंबकाची वाटी आणली. आणि हातातल्या रेडिओत, ज्याच्या चाकाने बग्गी वळवायची, त्यात त्याने असं काही बसवून घेतलं की मधल्या भागात चाक थोडंफार हललं तरी बग्गी ढिम्म. हाताची थरथर रेडिओतच जिरायची, टायरांपर्यंत पोचायचीच नाही. मात्र वळणावर चाक जास्त फिरवावं लागायचं. त्याची त्याने सवय करून घेतली.

पाचव्या प्रयत्नात क्लिप बसली.

शनिवारी गावाबाहेरच्या मैदानात क्लबची वार्षिक शर्यत सुरू झाली. आदल्या रात्री पाणी मारून दाबलेली तांबडी माती, तिच्यावर उंचवटे, वळणं, कडेने पाइप. पत्र्याच्या छपराखाली लांब टेबलं मांडलेली, त्यांवर जुने टॉवेल, टॉवेलांवर बग्ग्या, आणि सगळ्यांवर माश्या. बावीस वर्षं क्लाइव्हच्या शेजारचं टेबल मॅनोलीचं होतं. वॉलारूला त्याचं मासे तळून विकायचं दुकान होतं आणि त्याच्या बग्गीला तेलाचा वास येतो, असं सगळे त्याला चिडवत. कोण कुठून सुटणार हे ठरवणाऱ्या पात्रता फेऱ्यांत क्लाइव्ह पहिला आला, मॅनोली दुसरा.

"म्हाताऱ्या, कोपऱ्यावर काय चाललंय तुझं?" मॅनोली पाय पसरून बसत म्हणाला. "चाक असं फिरवतोयस, जसा काही ट्रक चालवतोयस. आण बघू इकडे." आणि क्लाइव्ह उठायच्या आत त्याने रेडिओ उचलून पडद्यावरचे आकडे बघायला सुरुवात केली. "अरे, हे काय लावून ठेवलंयस? इतकं मऊ? माझी आजी चालवणार आहे का ही?"

"ठेव तो खाली."

"अरे पण–"

"ठेव म्हटलं ना! माझ्या वस्तूला हात लावायचा नाही." क्लाइव्हने रेडिओ हिसकावून घेतला. आजूबाजूची डोकी वळली. मॅनोलीचा चेहरा उतरला. "बरं बाबा," एवढंच म्हणून तो आपल्या बग्गीकडे वळला आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलला नाही. क्लाइव्ह टेबलाभोवती घिरट्या घालत राहिला. दोनदा माफी मागायला म्हणून त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही वेळा पाण्याच्या नळाकडे निघून गेला.

रविवारी अंतिम शर्यत. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, त्यातल्या चांगल्या दोन धरायच्या. पहिली क्लाइव्हने जिंकली, मॅनोली दुसरा. दुसऱ्या फेरीत चौथ्याच चकरेला लांब उडीनंतर क्लाइव्हची बग्गी वाकडी उतरली आणि पाइपवर जाऊन आदळली. पुढचं डावं चाक आडवं होऊन लोंबायला लागलं. ती फेरी मॅनोलीने जिंकली. म्हणजे आता तिसरी जो मारेल, वर्षाचा करंडक त्याचा. मध्ये पंचवीस मिनिटं.

क्लाइव्हने बग्गी टॉवेलवर ठेवली. पुढचा डावा आर्म, म्हणजे चाकाला धरून ठेवणारा प्लास्टिकचा हात, मुळातून तुटला होता. खोके उपसून बघितलं तर उजवे आर्म तीन, डावा एकही नाही. या वर्षात त्याने नेहमीपेक्षा जास्त मोडले होते, आणि ते का, हे त्यालाच ठाऊक होतं.

तेवढ्यात टॉवेलवर कोऱ्या पिशवीत एक आर्म येऊन पडला. मॅनोली मागे उभा होता.

"घे."

"मॅनो, तुला कळतंय ना, हा लावून मी जिंकलो तर–"

"कळतंय. पण आर्म नव्हता म्हणून हरलास तर पुढचं वर्षभर तू मला तेच ऐकवशील. त्यापेक्षा हे स्वस्त पडतं." आणि तो स्वतःचे टायर बदलायला निघून गेला.

क्लाइव्हने ॲलन की उचलली. पहिला स्क्रू सुटला. दुसऱ्याच्या खाचेत की जाईना. ती खाचेच्या काठावर टकटक टकटक वाजत राहिली. त्याने मनगट टेबलावर दाबून धरलं. गेली कशीबशी, पण स्क्रू निघताना बोटांतून सुटला, वाटी चुकवून खालच्या मातीत पडला. वीस मिनिटं. त्याच्या कपाळावरचा घाम चष्म्यावर टपकला. उठावं, बग्गी गाडीत टाकावी आणि घरी जावं, असं त्याच्या मनात आलं आणि तो अर्धवट उठलाही.

"सरक," मॅरियन म्हणाली. क्लबच्या खानावळीत मांस-बटाटा भरलेल्या पास्टी विकत होती ती, कमरेला ॲप्रन तसंच.

"तुला नाही जमायचं हे."

"अठ्ठावीस वर्षं दातांच्या डॉक्टरच्या हाताखाली होते मी. लोकांच्या तोंडात यापेक्षा बारीक वस्तू धरून उभी राहिले आहे, आणि ते लोक हलायचे. सरक."

तो सरकला. मॅरियनने ॲप्रनला हात पुसले, खाली वाकून पहिल्या नजरेतच मातीतला स्क्रू उचलला आणि खुर्ची ओढली. "कुठला आधी?"

"खालचा. तो नाही, त्याच्या शेजारचा. तो नाही गं, हा." त्याने बोट दाखवलं. बग्गीच्या वर ते बोट थरथरत राहिलं. दोघांनीही ते पाहिलं.

"तोंडाने सांग," ती हळूच म्हणाली. "ऐकायला येतं मला."

त्याने हात काखेत घातला. "पुढून दुसरा. लांब पिन आहे, ती बाहेर ओढ."

पिन निघाली. तुटका आर्म बाजूला झाला.

"जुलैपासून होतंय," तो म्हणाला.

"जूनपासून. तुझ्या बशीचा आवाज मला आतल्या खोलीत येतो."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा विचारलं, काय होतंय तुला म्हणून. दोन्ही वेळा गिअरबॉक्स काढून बसलास. हा गोळा आत दाबायचा ना?"

"हो. टक् आवाज येईपर्यंत." आवाज आला. "मॅरियन, बाबांचंही असंच–"

"तुझे बाबा पीत नव्हते. मला माहीत आहे. पुढचा स्क्रू सांग."

"शॉकचा खालचा. जास्त आवळू नकोस, प्लास्टिक आहे." तो उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. "आवळलास का?"

"तूच म्हणालास नको म्हणून."

"थोडा आवळ. अगं, एवढा नाही!"

"क्लाइव्ह, एक तर सांग, नाहीतर ओरड. दोन्ही नको." पलीकडून मॅनोली फिसकन हसला आणि लगेच खोकल्यासारखं करून त्याने टायरमध्ये तोंड खुपसलं.

पाच मिनिटं उरलेली असताना तिने चाक लावलं, बॅटरीवरचा पट्टा घट्ट केला आणि बग्गी त्याच्या हातात दिली. त्याने चाक डावीउजवीकडे हलवून पाहिलं. चाक जरा बाहेरच्या बाजूला कललेलं होतं. ते नीट करायला वेळ नव्हता.

चालकांच्या मचाणावर तो आणि मॅनोली खांद्याला खांदा लावून उभे राहिले. "काल चुकलं माझं," क्लाइव्ह समोर बघत म्हणाला.

"शर्यतीनंतर बोल. आत्ता बोललास तर मला तुझी दया येईल."

भोंगा वाजला. पहिल्या कोपऱ्यावर क्लाइव्ह पुढे होता आणि साडेतीन मिनिटं तो पुढेच राहिला. कललेलं चाक डाव्या वळणावर ओढत होतं, ते तो सांभाळून घेत होता. मग उजव्या हाताने ऐकणं सोडलं. उडीच्या आधी बग्गी अंमळ तिरकी झाली, पाइपला घासून निसटली, आणि आतल्या बाजूने मॅनोली सटकन निघून गेला. आणखी एका चकरेत मागचा पोरगेला शेतकरी पण गेला. क्लाइव्ह तिसरा आला. आर्म शाबूत होता.

मॅनोलीने करंडक उचलला तेव्हा क्लाइव्ह त्याच्याजवळ गेला आणि आपले दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. मॅनोलीने ते पाहिले. "म्हणून ते मऊ लावलंस," तो म्हणाला. "हो," क्लाइव्ह म्हणाला. मॅनोलीने करंडक टेबलावर ठेवला आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. मग लगेच सोडले, कारण लोक बघत होते. "आजीबद्दल बोललो ते परत घेतो," तो म्हणाला. "आजी तुझ्यापेक्षा बरी चालवते."

बुधवारच्या वेळेचंही त्याने घरी गेल्यावर मॅरियनला सांगून टाकलं, आणि त्या दिवशी तीच गाडी चालवत होती. ॲडलेडच्या डॉक्टरीणबाईंनी क्लाइव्हला एक गोल गोल सर्पिल काढायला लावलं, पेला उचलायला लावला, चालायला लावलं. मग म्हणाल्या, हा शरीर पोखरणारा आजार नाही. घराण्यात चालत येणारी थरथर आहे. जाणार नाही, वाढेल कदाचित, गोळीने थोडी आवरेल. घरात आणखी कोणाला होती का? क्लाइव्हने वडिलांचं सांगितलं, गाव त्यांना काय म्हणायचं तेही सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गंमत अशी की यातल्या पुष्कळ लोकांची थरथर घोटभर दारूने तासाभरासाठी कमी होते.

"म्हणजे प्यायले असते तर कोणी बेवडा म्हटलं नसतं," क्लाइव्ह म्हणाला. हसायला गेला आणि त्याला चष्मा काढावा लागला. मॅरियनने पर्समधून रुमाल काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

गोळीने सकाळी बरं वाटायचं, दुपारी पुन्हा सुरू. महिन्याभराने सीझनची पुढची शर्यत आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चांगला उजेड होता, म्हणून मॅरियनने तिथेच टॉवेल अंथरून गिअरबॉक्स उघडला. दातांच्या दवाखान्यातला तिचा जुना स्टीलचा ट्रे तिने कपाटातून शोधून काढला होता आणि स्क्रू लांबीप्रमाणे ओळीत लावले होते. क्लाइव्ह शेगडीपासून दारापर्यंत आणि दारापासून शेगडीपर्यंत चालत होता.

"ते पांढरं ग्रीस नको, काळं. आणि बेअरिंगच्या गोळ्या मोज. बारा हव्यात."

"बाराच आहेत."

"पुन्हा मोज."

"क्लाइव्ह."

"काय?"

"बाहेर जा जरा. झाडांना पाणी घाल."

तो गेला. पाइप हातात घेऊन टोमॅटोच्या वाफ्यापाशी उभा राहिला. पाणी सोडलं, बंद केलं, पुन्हा सोडलं. दोन मिनिटांत तो खिडकीशी आला आणि जाळीतून आत वाकून बघायला लागला.

"अगं, डिफरन्शियलचा स्क्रू आवळताना अर्धा फेराच मागे घे हं!"

"घेतला," आतून मॅरियन म्हणाली. "पण मला वाटतं पाव पुरे."

"पाव? पाव कसा पुरेल?" पाइप तसाच वाहता टाकून तो आत धावला.