पंधरा खुर्च्या

चर्चची बुधवारची प्रार्थना घरं फिरत फिरत शांतवनच्या घरी आली, तेव्हा त्यानं पंधरा खुर्च्या भाड्यानं आणल्या. माणसं किती येतील याचा अंदाज आधी हेमावती करायची. त्याची बायको. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. गोकुळ रोडच्या कारखान्यात लेथ मशीनवर जन्म काढलेला हा माणूस; लोखंडातला केसाएवढा फरक बोटाला कळायचा त्याला. माणसांचं माप मात्र कधी घेता आलं नाही.

उप्पीटही त्यानंच केलं. जरा चिकट झालं, पण वास बरा होता. सहाला बायबल मांडीवर घेऊन पहिल्या खुर्चीवर बसला. घरासमोर रायापूरच्या स्टॉपवर बस थांबली की उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. एकदा तर दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसला. त्या खुर्चीला तरी कुणी बसलंय असं वाटावं!

सात वाजले. उप्पीट गार होऊन पातेल्याला चिकटलं.

साडेसातला मांडववाला शंकर टेम्पो घेऊन खुर्च्या न्यायला आला.

"काय ओ काका, लवकर आटोपलं की!"

"सुरूच झालं नाही रे."

शंकरनं खुर्च्यांच्या सरळ रांगा बघितल्या. पुढची चेष्टा गिळली. भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरकडं हनुवटी करून म्हणाला, "ते मोठ्या अक्षरात काय लिहिलंय?"

"दोघं-तिघं माझ्या नावानं जमली, की मी तिथं असतो. प्रभू म्हणतो."

"मग तुम्हाला एकच माणूस कमी पडतोय की. मी बसतो. चालेल काय तुमच्या देवाला?"

"न चालायला काय झालं? बस."

शंकर चपला काढून बसला. शांतवननं पान काढलं, तेवढीच ओळ वाचली आणि पुस्तक मिटायला लागला.

"एवढंच? इतकं जाड पुस्तक आणि एक ओळ? वरनं वाचा की काका. सिनेमा कुणी मधनं बघतो काय?"

खरं सांगायचं तर कॅलेंडरच्या ओळीच्या वरचं त्यानं कधी धड वाचलं नव्हतं. बोट ठेवून वाचू लागला. भावानं तुझं वाईट केलं तर त्याच्याकडं जा. दोघंच असताना त्याला सांग. त्यानं ऐकलं, तर तुझा भाऊ तुला मिळाला.

बोट तिथंच थांबलं.

"काय झालं?"

"योना आठवला. तीस वर्षांपासनचा दोस्त माझा. हेमावतीला मातीत ठेवताना मला रडू फुटलं. तर हा सगळ्यांदेखत दंड धरून म्हणतो, आशा नसलेल्यांसारखं रडू नकोस. बायबलातलं वचनच होतं रे ते. पण तोंडात बोळा कोंबल्यासारखं झालं. तेव्हापासनं रडूच येत नाही बघ."

"मग हे सांगितलं काय?"

"सांगितलं म्हणजे? सगळ्यांना सांगितलं! पास्टरांना सांगितलं, त्यांच्या मिसेसना सांगितलं. जिथं चहाला गेलो तिथं सांगितलं."

"ते नव्हे ओ. योनांना?"

शांतवननं ओळीवरचं बोट काढून घेतलं.

"ऐकून ऐकून माणसं कंटाळली असतील काका," शंकर हळूच म्हणाला आणि खुर्च्या एकात एक घालू लागला. "कुठं असतात हे योना?"

"मळमड्डीत."

"तिकडनंच जाणार आहे मी. बसा पुढं."

वाटभर मागं खुर्च्यांची खडखड, मांडीवर उप्पिटाचा डबा. शांतवननं दोनदा म्हटलं, नको रे, परत सोड. शंकरला ऐकू आलं नाही, का त्यानं ऐकलं नाही, कोण जाणे.

शंकर त्याला दारात उतरवून पुढं गेला. योनानं दार उघडलं. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे. "यायला निघालो होतो मी," तो खाली बघत म्हणाला. "मग पायच उचलला नाही."

"घरात कोण आहे?"

"कोण असणार? मी एकटा."

"बरं झालं. दोघंच असताना सांगायचं होतं." आणि शांतवननं उंबऱ्यातच सांगितलं. "तू मला रडू दिलं नाहीस, योना."

योनाचं तोंड उघडलं. कशावरही वचन काढून देणारा माणूस तो. आता देतोय बघ एखादं, म्हणून शांतवन अंग चोरून उभा राहिला. आलं नाही. योनानं त्याच्या हातातला डबा घेतला, खाली ठेवला.

"मला तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही रे."

शांतवनचे ओठ वाकडे व्हायला लागले, तो तिथंच खाली बसला. दोन वर्षांचं रडं ते, लवकर आवरणारं नव्हतं. योना त्याच्या शेजारी उंबऱ्यावर टेकला, आणि ते संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही.