कोरहाची मुलं

“टीचर, म्हणजे साक्षीचे पप्पा पण कोरहच ना?”

सनीनं विचारलं तशी संडे स्कूलची सगळी पोरं साक्षीकडे वळली. यशोदाबाईंनी नुकतीच गोष्ट संपवली होती. देवानं नेमलेला पुढारी मोशे, त्याच्याविरुद्ध कोरह उठला, जमीन दुभंगली आणि त्याला गिळून गेली. धडा ठरलेला होता, टाळता आला नव्हता.

साक्षीचे पप्पा म्हणजे यशोदाबाईंचाच मुलगा, जयराम. गेल्या वर्षी पाळकसाहेबांशी भांडण विकोपाला गेलं तेव्हा त्यानं ऐन रविवारी चर्चच्या फाटकाला कुलूप ठोकलं आणि त्यांना रस्त्यावर उभं केलं. मंडळी फुटली. जयराम नाशिक सोडून गेला. आजी आणि नात मागे राहिल्या. घर चर्चच्या समोरच, रस्त्यापलीकडे, खिडकी उघडली की समोर तेच फाटक. उपासनेला दोघी शेवटच्या बाकावर बसायच्या आणि सगळे गेल्यावर बाहेर पडायच्या. कुणी साधा सलामही करत नसे. आज सकाळी वेणी घालून घेतानाच साक्षीनं सांगून टाकलं होतं, की पुढच्या रविवारपासून ती येणार नाही.

यशोदाबाई सनीला रागावल्या नाहीत. बायबल त्याच्याच हातात दिलं, काही पानं पुढं उलटली आणि इस्राएल लोकांच्या शिरगणतीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. त्यानं अडखळत वाचलं. कोरहाची मुलं मेली नाहीत, असं तिथं होतं.

“मग गेली कुठं?”

“कुठं जाणार बाळा? तिथंच राहिली. पुढं त्यांच्याच वंशातले लोक देवाच्या मंदिरात गायला लागले, दाराशी राखणीला उभे राहिले. लोक बोलत असतीलच की.”

उपासनेत आज स्तोत्र वाचायची पाळी संडे स्कूलची होती. यशोदाबाईंनी स्तोत्र काढून दिलं आणि साक्षीला पुढं पाठवलं. स्तोत्राच्या डोक्यावरची बारीक अक्षरांतली ओळ इथं कधी कुणी वाचत नसे. साक्षीनं ती वाचली.

“कोरहाच्या मुलांचं स्तोत्र.”

ती थांबली. कुणीतरी खाकरलं. मग तिनं पुढचं वाचलं.

उपासना सुटली तरी यशोदाबाई सवयीनं बाकावरच बसून राहिल्या. साक्षी मात्र बाहेर गेली होती. ते लोखंडी फाटक आपोआप मिटायचं. त्याला पाठ लावून, ते उघडं धरून ती उभी राहिली. माणसं खाली बघत तिच्यासमोरून जात होती. म्हाताऱ्या कुसाबाई फाटकाच्या पायरीशी अडल्या, तिच्या खांद्यावर हात टेकून उतरल्या आणि निघून गेल्या.

आवार रिकामं झालं.

“आजी, चल ना,” साक्षीनं फाटकातूनच हाक मारली. “जड आहे हे.”